भरल्या पोटाचे जंतू

मुलगी बघायला सटाण्याला गेलो होतो. भावी सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कंपनीमा तुमनं काम काय शे?" मी मोजकं बोलणारा माणूस. म्हणालो, "जंतू वाढवतो." त्यांनी ती बशी परत उचलली नाही. मामांनी सारवासारव केली, "म्हणजे लस बनवतो हो, कोंबड्यांची." त्यानं प्रकरण फारसं सुधारलं असं नाही, पण लग्न झालं. बायको अजून म्हणते, तुम्ही त्या दिवशी जेवढं बोललात तेवढंच पुढे वर्षभर बोललात.

तिचं खरं आहे. न बोलणं हा माझा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. ऑफिसात साहेब म्हणायचे, "खैरनार बघा, कामाशी काम." प्रत्यक्षात ते न बोलणं म्हणजे काय होतं, हे सांगायलाच आज बसलोय.

आमची कंपनी अंबडला, औद्योगिक वसाहतीत. डावीकडच्या गाळ्यात नटबोल्ट व्हायचे, उजवीकडे गाड्यांचे हॉर्न. बनलेला प्रत्येक हॉर्न वाजवून बघायचे, त्यामुळे दिवसभर आपण कुणाच्या तरी गाडीच्या आडवे उभे आहोत असं वाटायचं. आमच्या गाळ्यात मात्र शांतता, आणि मटणाच्या रश्शाचा वास. जंतूंना वाढायला तसलाच पातळ रस्सा लागतो, वरून थोडं रक्त. दुपारी हॉर्नवाले डबे घेऊन बाहेर बसले की हाक मारायचे, "खैरनारभाऊ, आज कुणाचं जेवण?"

त्या रश्शापायी एक पोल्ट्रीवाले शेठ आमच्याकडून परत गेले होते. अंड्यांचा मोठा व्यापार त्यांचा, आणि मला विचारतात, "लस पूर्ण शाकाहारी आहे ना?" मी खरं ते सांगितलं. शेठ हात जोडून उठले. अंडी विकणाऱ्या माणसानं कोंबडीच्या धर्माची एवढी काळजी करावी, याचं मला कौतुक वाटलं होतं. गिऱ्हाईक गेलं म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळी. तेव्हा मी फट्‌दिशी खरं बोलून मोकळा झालो, कारण त्यात माझं काही जात नव्हतं.

आता लस म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अंगात जंतू शिरला की रक्तातले पहारेकरी त्याला पकडतात. पण पहारेकऱ्याला जंतूचं पोट दिसत नाही. तो बाहेरून चाचपतो. जंतूच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे बारीक बारीक उंचवटे असतात, अंगरख्यावरच्या गुंड्यांसारखे. त्या गुंडीवर नेमकं बसेल असं काज शरीर तयार करतं. त्याला प्रतिपिंड म्हणतात. हे शिवणकाम करायला शरीराला काही दिवस लागतात, आणि खरा जंतू तेवढे दिवस थांबत नाही. म्हणून आम्ही मेलेला जंतू आधीच नेऊन दाखवतो: हा बघ, हा असा दिसतो, ह्याच्या मापाचं शिवून ठेव. ही लस. म्हणजे दाखवायला नेलेल्या जंतूच्या अंगावर त्या दिवशी कुठल्या गुंड्या आहेत, ह्यावर सारं अवलंबून. हे मला पुस्तकात पाठ होतं. पेपरात आलं असतं तर पैकीच्या पैकी.

नव्वदनंतरची ती वर्षं. नाशिकच्या आजूबाजूला पोल्ट्र्या वाढत होत्या आणि त्यांच्यात कोंबड्यांचा कॉलरा फिरायचा. नावापुरता कॉलरा, माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचं नातं नाही. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी तुरा निळा पडून आडवी. ह्या जंतूच्या बऱ्याच भावक्या आहेत, आणि मिळणाऱ्या लसी एकाच भावकीला ओळखायच्या. आमच्या कंपनीला सगळ्या भावक्यांवर चालेल अशी लस काढायची होती. सगळ्यांच्या अंगावर काही गुंड्या सारख्या असतात, त्यांच्या भरवशावर. जंतू वाढवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि मी ते मन लावून केलं. नाशिकच्या पाहुणचारात वाढलेला माणूस. पुढ्यात आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? रक्त तर घालायचोच, वर लोहाचा क्षार घालायला लागलो. अशक्त माणसाला डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात ना, तसं. जंतूंनी काय खाल्लं! सकाळी भांडं बघावं तर रस्सा दुधासारखा पांढरा. जंतू किती वाढले हे बघायची तेव्हा सोपी रीत होती, नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं दिसली तर वाढ कमी, दिसेनाशी झाली तर छान. माझ्या नळीमागे मथळासुद्धा दिसायचा नाही. साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे, "ही खैरनारची वाढ." मी बाजूला मान खाली घालून उभा. नम्रपणानं नाही हो. चेहऱ्यावरचं हसू लपवायला.

लस तयार झाली. सशांना टोचली, त्यांचं रक्त काढलं, वरचं पिवळं पाणी वेगळं केलं. काचेच्या पट्टीवर त्या पाण्याचा एक थेंब, त्यात माझ्या जंतूंचा एक थेंब. क्षणात दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या. प्रतिपिंडांनी जंतूंना धरलं, म्हणजे लस पास. जंतू माझे, लस त्या जंतूंची, परीक्षाही त्याच जंतूंवर. मीच पेपर काढला, मीच लिहिला, मीच तपासला आणि मीच पेढे वाटले. पेढे खरंच वाटले होते, हॉर्नवाल्यांनासुद्धा.

मग लस गावात नेऊन बघायची होती. त्यासाठी सायखेड्याच्या इंदूताई कुटे तयार झाल्या.

इंदूताई तिशीच्या असतील. नदीपासून जरा वर, वस्तीवर त्यांचं शेड. यजमान शेती बघत, कोंबड्या सगळ्या ताईंच्या. पहिल्यांदा स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून गेलो तर शेडच्या दारातच अडवलं.

"सायेब, चपला तिकडं. आन् पाय धुवा."

"ताई, मी स्वच्छ आहे."

"आसाल. माझ्या कोंबड्यांना काय म्हाईत?"

दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं. आत जमीन अशी झाडलेली की सांडलेलं अन्न उचलून खावं. ओट्यावर त्यांच्या सासूबाई बसलेल्या, त्यांना त्या आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई मला म्हणाल्या, "मान्सांपरीस कोंबड्यांचं कवतिक जास्ती हाय हिला. मला च्या गार मिळतो." इंदूताई आतून ओरडल्या, "आत्याबाई, तुमी गार करून पेता!" मला दुपारी भाकरी आणि अंड्याचा रस्सा मिळाला. गरम.

निम्म्या कोंबड्यांना लस टोचली आणि त्यांच्या पायात लाल कडी घातली. निम्म्या तशाच ठेवल्या. पुढे रोग आलाच तर लाल कडीवाल्या वाचायला पाहिजेत, असा हिशेब.

रोग आला. हिवाळ्याच्या तोंडाशी निरोप मिळाला, मी निघालो. शेडमागे पोत्यांवर कोंबड्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. इंदूताईंची मांडणी, मेलेल्या कोंबड्यासुद्धा सरळ रेषेत. मी ओळीवरून नजर फिरवली. लाल कडी, बिनकडी, लाल कडी, लाल कडी, बिनकडी. लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या सारख्याच मेल्या होत्या. ह्याचा अर्थ एकच होता, आणि तो कळायला शिकलेलं असायची गरज नव्हती.

भोवती माणसं जमली होती. यजमान, आत्याबाई, शेजारच्या वस्तीवरचे दोघं. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. एकानं विचारलं, "काय वो सायेब, तुमची लस तं दिली व्हती ना?"

आणि आयुष्यभर न बोललेला मी, बोललो. शेडभोवती एक चक्कर मारली, जाळीला एके ठिकाणी बोटभर भोक सापडलं, तिथं वाकून बघितलं आणि मोठ्या जाणत्या आवाजात म्हणालो, "उंदीर येतात इथून. चिमण्या येतात. स्वच्छता नसली तर लस काय करणार?"

आता जंतू बाहेरून येणारच. उंदीर आणतील, चिमण्या आणतील. येतात म्हणून तर लस टोचायची. पाऊस आला म्हणून छत्री भिजली, असं म्हणणाऱ्या छत्रीवाल्याचं बोलणं होतं माझं. पण ते ऐकायला चांगलं वाटलं. यजमानांनी मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, "म्या तं कवाच म्हनत व्हते, हिच्या हाताला नीट काम नाय." इंदूताई जाळीच्या भोकाजवळ गेल्या आणि त्यात बोट घालून बघत उभ्या राहिल्या.

मेलेल्या चार कोंबड्या घेऊन मी अंबडला आलो.

त्याच सुमारास आमच्याकडे डॉ. मिरजकर मॅडम नव्यानं आल्या होत्या. बुटक्या, चष्म्याच्या, आणि बोलताना समोरच्याच्या उत्तराची वाट बघणाऱ्या, हे मला फार अवघड जायचं. त्यांनी कोंबडीच्या काळजातून जंतू काढले, वाढवले नाहीत, तसेच घेतले. शेजारी माझ्या भांड्यातले घेतले. दोन्हींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं सोडवून एका खरवसासारख्या पातळ वडीत भरली आणि तिच्यातून वीज सोडली. वीज प्रथिनांना ढकलते. लहान लांब पळतात, मोठी मागे राहतात, आणि रंग दिला की एकाखाली एक पट्टे दिसतात. मध्ये दोनदा लाइट गेली, त्यामुळे आमचे पट्टे जरा लाटालाटांचे आले, पण वाचता येत होते. कोंबडीतल्या जंतूंच्या रांगेत वरच्या बाजूला दोन ठळक पट्टे होते. माझ्या जंतूंच्या रांगेत ती जागा कोरी.

मॅडमनी विचारलं, "खैरनार, तुम्ही ह्यांना खायला काय घालता?"

"सगळं घालतो, मॅडम."

"लोह?"

"भरपूर," मी म्हणालो. अजून मला वाटत होतं की शाबासकी येणार.

मॅडम स्टुलावर बसल्या. "अहो, कोंबडीच्या अंगात जंतूला लोह मिळत नाही. शरीर ते लपवून ठेवतं, चोराच्या भीतीनं दागिने ठेवावेत तसं. मग जंतू काय करतो? लोह ओढून घ्यायला पृष्ठभागावर खास प्रथिनं काढतो, हात म्हणा ना. सगळ्या भावक्या काढतात. आपल्याला ते हात दाखवायचे होते. तुमच्याकडे आयतं ताट वाढलेलं, तो हात कशाला काढेल?"

म्हणजे मी कोंबड्यांना दाखवलेला जंतू घरात बसून ढेकर देणारा होता, आणि शेडमध्ये शिरला तो उपाशी, दोन्ही हात पुढे केलेला. पहारेकऱ्यांनी शिवून ठेवलेली काजं मापात होती. माप भलत्याच अवताराचं.

"खात्री करायला हवी," मॅडम म्हणाल्या. "ज्या कोंबड्या आजारी पडून वाचल्या, त्यांच्या रक्तानं ते हात ओळखलेले असणार. त्यांचं रक्त आणा. आणि त्या बाईंना सांगा, चूक आपली आहे."

मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी सायखेड्याला गेलो. शेडची सगळी जाळी बदललेली. चुन्याचा वास डोळ्यांत जाईल एवढा. इंदूताईंच्या हातांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या. वाचलेल्या मोजक्या कोंबड्या वेगळ्या डालग्याखाली होत्या. इंदूताई एकेक धरत होत्या, पंख पसरून माझ्यापुढे करत होत्या आणि मी पंखाखालच्या शिरेतून सुईनं रक्त घेत होतो. कोंबडीला त्रास झाला की त्या तिच्याशी बोलायच्या, "झालं बाय, झालं." मी तोंडात वाक्य जुळवत होतो. ताई, चूक आमची आहे. ताई, चूक आमची. अगदी सोपं वाक्य, जोडाक्षर एकही नाही.

शेवटची कोंबडी सोडली आणि इंदूताईच बोलल्या.

"सायेब, राग धरू नका. माझ्यामुळं तुमची लस वाया गेली."

मी वर बघितलं. त्या खरंच माफी मागत होत्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "येवढी घाण केली म्या, तरी तुमच्या कंपनीनं नवी पिल्लं द्यायचं कबूल केलं. लय उपकार झाले."

आणि मी म्हणालो, "असू द्या, ताई. होतं असं."

होय. मी इंदूताईंना माफ केलं. मोठ्या मनानं. वर चहा पण घेतला.

कंपनीनं तोंड बंद ठेवायला सांगितलं असतं तर आज मला कितीतरी सोपं गेलं असतं. कुणी काही सांगितलं नव्हतं. मॅडमनी परत विचारलं, "बाईंना सांगितलंत ना?" मी म्हणालो, "हो." एका अक्षरात मावणारं खोटं मला नेहमीच सोयीचं पडलंय.

त्या रक्तानं काम झालं. पट्टे कागदावर उतरवले, त्यावर इंदूताईंच्या कोंबडीच्या रक्तातलं पिवळं पाणी ओतलं आणि तेच दोन पट्टे काळेकुट्ट उठून आले. सशाच्या पाण्याला त्या जागी काही म्हणजे काही दिसलं नाही. मग मॅडमनी रश्शात लोह धरून ठेवणारं औषध घालायला लावलं, जंतूंना उपाशी ठेवायला. वाढ इतकी रोडावली की नळीमागच्या कागदावर छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता यायच्या. साहेबांनी पाहुण्यांना आणणं बंद केलं. हॉर्नवाले म्हणाले, "खैरनारभाऊ, उपास का?" पण ह्या मरतुकड्या जंतूंना हात होते. पुढच्या खेपेला दुसऱ्या गावात रोग आला तेव्हा लाल कडीवाल्या बऱ्याचशा वाचल्या. सगळ्या नाही; लसीनं तसा शब्द कधी कुणाला दिलेला नसतो. पुढे ती लस दुकानांत गेली. तिच्या खोक्यावर कोंबडीचं चित्र आहे. ते बघितलं की मला ती डालग्याखालची कोंबडी आठवते, आणि मी दुकानात दुसरीकडे बघतो.

मध्ये बरीच वर्षं गेली. सायखेड्याच्या बाजूचं काम निघालं की मी ते दुसऱ्याला द्यायचो. पन्नाशीला आलो, कंपनी मोठ्या कंपनीनं घेतली, आम्हा जुन्यांना निरोप मिळाला. घरी बसल्यावर न बोलणाऱ्या माणसाचे फार हाल होतात, कारण ऑफिसात निदान हॉर्न वाजायचे. एके दिवशी बायको म्हणाली, "काय डाचतंय ते एकदा ओकून टाका, नाहीतर माळ्यावरची भांडी काढून द्या." मी सायखेड्याची एसटी धरली.

आता तिथं तीन शेडं आहेत. कारभार सुनेकडे. इंदूताईंचे केस पांढरे झालेले. मला बघून सुनेला म्हणाल्या, "आगं, लसवाले सायेब. आपन टोचतो ती यांचीच." मी आत जाऊ लागलो तर सुनेनं अडवलं. दाराशी तेच घमेलं.

"पाय धुवा, काका."

मी चुन्याच्या पाण्यात उभा राहिलो आणि तिथंच बोलायला सुरुवात केली. बाहेर पडलो असतो तर बोललो नसतो. लोह, उपाशी जंतू, हात, सगळं सांगितलं. सुनेला बहुधा वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. इंदूताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी शेड घान नव्हतं?"

"नव्हतं, ताई. माझी लस खोटी होती."

"तुमाला कवा कळलं?"

"कोंबड्यांचं रक्त न्यायला आलो, त्याच्या आधी."

त्या ओट्यावर बसल्या. जिथं आत्याबाई बसायच्या तिथंच. "आत्याबाई जाईस्तोवर तेच म्हनत राह्यल्या," त्या म्हणाल्या. "पाव्हनं आलं का पयलं हेच, हिच्या हातानं कोंबड्या गेल्या. शेवटाला अंथरुणावर व्हत्या. म्या पानी पाजायला गेले, तं म्हनल्या, हात धुतले का?"

मला काहीतरी बोलायचं होतं. पण अशा वेळी मला फक्त 'असू द्या' एवढंच येतं, आणि ते मी मागेच वापरून टाकलं होतं.

"माफ करा," शेवटी म्हणालो.

"ते नंतर बघू," इंदूताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तवा तुमी चार मान्सांत बोलले व्हते. आज मला एकलीला सांगून काय उपेग? म्या झाडत व्हते ते मला ठावंच हाय. चार मान्सांत सांगा. नावासकट."

चहा मिळाला नाही. मी पाय कोरडे केले आणि एसटीला आलो.

त्या दिवशीची चार माणसं आता कुठली मिळायची? आत्याबाई गेल्या, यजमान गेले, शेजारची वस्ती विकली गेली. त्यामुळे ह्या अंकाच्या संपादकांनी फोन करून "नोकरीतलं काहीतरी गमतीचं द्या" म्हटल्यावर मी विचारलं, तुमचा अंक किती लोक वाचतात? ते जरा घुटमळून म्हणाले, चारपेक्षा जास्तच असतील. तेवढे पुरेत.

तर, वाचणाऱ्या सगळ्यांनी ऐका: सायखेड्याच्या इंदूताई कुटे यांचं शेड स्वच्छ होतं. हात धुतलेले होते.